कवचकुंडलं आणि सेफ्टी पिन

गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या गावात जत्रा होती. पालखी देवळाभोवती फिरून आत गेली होती, दशावतारी कंपनीचे पेटारे अग्रशाळेत उतरले होते आणि आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, उभा राहायला अजून तासभर तरी होता. खाज्यांच्या दुकानासमोर माझी भाची आणि तिची मैत्रीण हमरीतुमरीवर आल्या होत्या. विषय होता ‘स्टार वॉर्स’मधली रे. भाचीचं म्हणणं, रे ही पाल्पाटिन सम्राटाची नात आहे हे पहिल्याच सिनेमात ओळखायला हवं होतं. तलवार कशी भोसकते बघ, हुबेहूब आजोबा. मैत्रीण म्हणत होती, "मला ती कुणाचीच नव्हती तेव्हाच आवडायची." शेजारी खाजें बांधून घेणारे एक आजोबा बराच वेळ हे ऐकत उभे होते. रे कोण, पाल्पाटिन कोण, त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पुडी हातात आल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "तूं कोणालें गो?" भाचीनं माझ्या वडिलांचं नाव सांगितलं, वाडा सांगितला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तरीच!" म्हणाले आणि चालते झाले.

तरीच काय, ते त्यांनी सांगितलं नाही. माझे वडील गावात भांडखोर म्हणूनच प्रसिद्ध होते, त्यामुळे अंदाज करायला अडचण नव्हती. पण भाची भांडखोर आहे ती तिच्या आईबापांनी तिला बोलू दिलं म्हणून, घरात पुस्तकं आहेत म्हणून, समोरची मैत्रीणही तशीच तयारीची आहे म्हणून. हे सगळं त्या एका शब्दात पुसलं गेलं. आजोबा सापडले, प्रश्न मिटला.

चाहत्यांनी कथेतल्या खुणा जुळवून बांधलेल्या ज्या तर्काला हल्ली फॅन थिअरी म्हणतात, तिचा एक मोठा आणि लाडका प्रकार म्हणजे हे ‘तरीच’. कथेतलं एखादं पात्र वाचकाला इतकं आवडतं, की त्याचं असणं साध्या कारणांनी पटेनासं होतं. मग तो त्याच्या रक्तात शिरतो. हा नक्की अर्धा देव असणार. हिची आई माणूस नसणार. याच्या अंगात ड्रॅगनचं रक्त आहे. आणि पुरावे निघत जातात, कारण शोधणाऱ्याला पुरावे सापडतातच. या खेळाला माझा विरोध नाही, मी स्वतः तो पुष्कळ खेळलो आहे. माझं भांडण आहे ते त्या ‘तरीच’शी. ते कथेपुरतं राहत नाही.

आधी खेळाची बाजू मांडतो, कारण तिला आमच्या पिढीनं उगाच नाकं मुरडली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या जॉन स्नोचं उदाहरण घ्या. कादंबरीमालिकेचा पहिला भाग १९९६ मध्ये आला. त्यात जॉन हा एका सरदाराचा अनौरस मुलगा. पुस्तक येऊन वर्ष-दीड वर्ष होत नाही तोच वाचकांनी मांडलं, की तो त्या सरदाराचा मुलगाच नाही. मरणाऱ्या बहिणीनं भावाकडून घेतलेलं एक वचन, निळे गुलाब, आणि इतक्या वर्षांत बायकोलाही न सांगितलेलं आईचं नाव, एवढ्या सामानावर त्यांनी त्या मुलाचं खरं कूळ काढलं: आई ती बहीण आणि बाप ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या राजघराण्यातला. दूरदर्शन मालिकेनं त्यावर शिक्का मारला तो २०१६ साली. म्हणजे सुमारे वीस वर्षं हजारो अनोळखी माणसं एका पुस्तकाची वाक्यं उलटसुलट करून बघत होती. आमच्या शाळांत मराठीच्या पेपरला ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नावाचा जो छळ होतो, तोच हा उद्योग. फरक इतकाच की इथं पोरं तो आपणहून करतात, रात्री जागून करतात आणि गुण कुणी देत नाही. ज्या मुलांना वाचनाची आवड नाही म्हणून आपण सेमिनार भरवतो, तीच ही मुलं आहेत. गंमत पुढे आहे. इतकं खणून काढलेलं राजरक्त जॉनच्या काही कामाला आलं नाही. २०१९ साली मालिका संपली तेव्हा सिंहासन भलत्यालाच मिळालं आणि जॉनची रवानगी उत्तरेच्या बर्फात झाली. मला तो शेवट लोक म्हणतात तितका वाईट वाटला नाही, पण ते असो.

रेची गोष्ट याच्या उलटी आणि जास्त बोलकी आहे. २०१५ च्या सिनेमात ती वाळवंटात भंगार गोळा करून पोट भरणारी बेवारस पोर. शक्ती मात्र तिच्यात अफाट. प्रेक्षकांनी दोन वर्षं तिच्यासाठी आईबाप शोधले. जुन्या सिनेमांतलं एकही नाव सोडलं नाही. मग २०१७ चा सिनेमा आला आणि त्यानं सांगितलं: तुझे आईबाप कुणीच नव्हते. भंगारवाले होते, दारूच्या पैशांसाठी तुला विकून गेले. त्याच सिनेमाच्या शेवटी तबेला झाडणारा एक नाव नसलेला पोरगा हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या मुठीत येतो. बस्स, इतकंच. माझ्या मते त्या सगळ्या पसाऱ्यात याहून मोठी गोष्ट कुणी सांगितलेली नाही. पण लोक चिडले. ‘कुणीच नाही’ हे उत्तर त्यांना फसवणूक वाटली. २०१९ च्या सिनेमानं रेला आजोबा मिळवून दिले, आणि तेही सम्राट.

तरी त्या सिनेमालाही कुठंतरी टोचलं असावं. अगदी शेवटी वाळवंटात एक म्हातारी रेला विचारते, तू कोण? रे म्हणते, रे. म्हातारी विचारते, रे कोण? खाज्यांच्या दुकानासमोरचे आमचे आजोबाच ते, फक्त ग्रह वेगळा. आणि रे आजोबांचं आडनाव सांगत नाही. ज्यांनी तिला शिकवलं, त्यांचं सांगते.

आता आपल्या घरात येऊ.

मराठीत म्हण आहे, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. तिचा जवळचा नातलग महाभारताच्या आदिपर्वात भेटतो, आणि तो बोलतो कोण, तर दुर्योधन. प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचा जाहीर कार्यक्रम चालू आहे, अर्जुनानं वाहवा मिळवली आहे, आणि एक अनोळखी तरुण येऊन तीच सगळी कामं करून दाखवतो. तेव्हा कृपाचार्य त्याला विचारतात, आई कोण, बाप कोण, कूळ कोणतं? म्हणजे पुन्हा तेच, तूं कोणालो रे? कर्णाचा चेहरा पावसानं भिजलेल्या कमळासारखा खाली जातो. दुर्योधन त्याला तिथल्या तिथं अंगदेशाचा राजा करतो. एवढ्यात म्हातारा अधिरथ घामानं डबडबून, थरथरत, अंगावरचं वस्त्र सावरायचंही भान न राहून आत येतो, आणि कर्ण धनुष्य खाली ठेवून अभिषेकाच्या पाण्यानं ओलं असलेलं डोकं त्याच्यापुढं वाकवतो. भीम खिदळतो: चाबूक घे हातात, तुला तोच शोभतो.

यावर दुर्योधन जे बोलतो, ते मी कितीदा वाचलं असेल. आधी तो म्हणतो, शूरांचा आणि नद्यांचा उगम कळत नसतो, म्हणून तो शोधू नये. टाळ्या घ्याव्यात असं वाक्य. पण पुढच्याच श्वासात त्याचा पाय घसरतो. तो म्हणतो, जन्मजात कवचकुंडलं असलेला, सूर्यासारखा हा वाघ एखाद्या हरिणीच्या पोटी येईलच कसा? म्हणजे कूळ बघू नका, पण बघा, याचं कूळ नक्की थोर असणार! अंगावरच्या खुणा मोजून काढलेली ही आपल्याकडची पहिली फॅन थिअरी, आणि ती मांडणारा कर्णाचा सगळ्यांत मोठा चाहता. थिअरी खरीही निघाली, दुर्योधनाला ते कधी कळलं नाही इतकंच. पण ज्या राधेनं पोराला वाढवलं, तिला त्यानं भरसभेत हरिणी करून टाकलं, त्याचं काय? तिचा नवरा समोर उभा होता. मित्राची बाजू घ्यायच्या भरात मित्राच्या घराचा अपमान झाला आणि तो कुणाच्याच लक्षात आला नाही.

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. गुप्त दैवी वारसा शोधणारा माणूस बहुतेकदा प्रेमानंच शोधतो. पण त्या प्रेमाचा हिशेब कुणाला तरी चुकता करावा लागतो, आणि तो नेहमी वाढवणारा, शिकवणारा, घाम गाळणारा असतो.

एकलव्याचं बघा. महाभारतात तो निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. द्रोणांनी नाकारल्यावर मातीचा पुतळा करून एकट्यानं शिकलेला. हरिवंशानं, म्हणजे महाभारताच्या पुरवणीनं, त्याला वेगळा बाप दिला. तिथं तो वसुदेवाचा भाऊ देवश्रवा याचा मुलगा आहे, निषादांनी केवळ वाढवलेला. म्हणजे कृष्णाचा चुलतभाऊच. कबीराचंही असंच झालं: विणकर नीरू-नीमाच्या घरचा पोर असं बोलतो म्हणजे तो मूळचा ब्राह्मणीच्या पोटचा असणार, अशी कथा पसरली आणि आजही कीर्तनात ऐकू येते. देव नाही तर निदान ब्राह्मण, पण काहीतरी वरचं हवंच. सीतेला रावणाची मुलगी ठरवणाऱ्या कथा जैन रामायणांत आहेत, अद्भुत रामायणात ती मंदोदरीच्या पोटची आहे. त्या मला या रांगेत बसवाव्याशा वाटत नाहीत, कारण तिथं वारसा कळल्यानं पात्राची किंमत वाढत नाही, रावणाच्या गळ्याभोवतीचा फास आवळतो. तो खरा नाटककाराचा हिशेब. एकलव्याच्या थिअरीत नाटकही नाही. तिथं आहे ती नुसती सोय. इतका मोठा धनुर्धर निषादांत झाला कसा, हा प्रश्न ज्यांना अडचणीचा होता, त्यांची सोय.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या नाट्यमंडळाकडे एका तरुण लेखकानं एकलव्यावरची संहिता आणली. मुलगा अभ्यासू होता, हरिवंश वाचून आला होता. त्याच्या नाटकात पहिल्याच अंकात एक ऋषी प्रेक्षकांना सांगून टाकतो, की हा यादवांचा मुलगा. मी वाचनाच्या बैठकीत विरोध केला. मला सांगण्यात आलं, पुराणात आहे ते तुम्ही कोण नाकारणार? नाकारलं नाही. नाटक देवळासमोर झालं आणि प्रॉम्प्टिंगला विंगेत मीच उभा होतो. अंगठा कापायच्या प्रसंगी काम करणारा मुलगा जीव ओतत होता. प्रेक्षक मात्र शांतपणे बघत होते, जरा जास्तच शांतपणे. आता ऋषी येईल, कृष्ण येईल, कुणीतरी खरं सांगेल आणि द्रोण पायावर लोळण घेईल, याची वाट ते बघत होते. ज्याचा अंगठा जातो तो राजपुत्र आहे हे ठाऊक असलं की अंगठा जाणं ही चूकभूल ठरते. तो निषाद असला तरच तो अन्याय असतो.

थिअरी वाईट नसते, तिची दिशा बघावी, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इरावती कर्वे असतात. १९६७ साली आलेल्या ‘युगान्त’मध्ये त्यांनी युधिष्ठिराबद्दल एक अंदाज मांडला: तो यमधर्माचा नव्हे, विदुराचा मुलगा असू शकेल. पुरावे सगळे ग्रंथातलेच. विदुर हा शापामुळे माणूस झालेला धर्मच मानला जातो. नियोगासाठी, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्याकडून मूल होण्यासाठी, दीर चालतो आणि विदुर पंडूचा धाकटा भाऊ. युधिष्ठिराविषयीची त्याची माया तर सगळ्या कथेत आहे. आणि शेवटी रानात, हाडांचा सापळा झालेला विदुर एका झाडाला टेकून युधिष्ठिराकडे टक लावून बघतो आणि योगबळानं त्याच्या देहात शिरतो. बाप मुलात उतरावा तसा. फॅन थिअरीला लागणारं सगळं यात आहे: लपलेलं पितृत्व, विखुरलेल्या खुणा, जुळवाजुळव. फक्त शिडी उलटी लावली आहे. बाकीचे माणसाला देव करायला वर चढतात, या बाई देवाला माणूस करायला खाली उतरल्या. आणि त्या उतरल्यावर कथा लहान झाली का? दासीपुत्र म्हणून राज्याला मुकलेला विदुर, आपल्याच मुलाला राजा होताना बघतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. यमधर्मापेक्षा मला हा बाप कितीतरी जास्त छळतो.

त्यांचं म्हणणं सगळ्या अभ्यासकांनी मानलं असं नाही, आणि मानायलाच हवं असंही नाही. पण आमच्या मुलांना थिअरी म्हणजे काय हे शिकवायचं तर मी हेच प्रकरण पुढे करीन.

यावर मला नेहमी विचारलं जातं, तुम्हा गोंयकारांनी हे बोलावं का? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे गांवकरी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला हक्क, जन्मानं मिळते, बापाकडून मुलाला. देवळाचा महाजन जन्मानं ठरतो. पुष्कळ देवळांच्या आवारात मूळपुरुषाची घुमटी असते आणि वर्षाला त्याचा मान काढावा लागतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्या माणसाच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, त्यामुळे अर्ध्या गोव्यानं आजोबांचा जन्मदाखला शोधण्यात आयुष्याची काही वर्षं घालवली आहेत. नावाच्या एका अक्षरावरून लिस्बनचं विमान हुकल्याचे किस्से प्रत्येक वाड्यावर आहेत. गुप्त वारसा सापडला तर मांत्रिक शक्ती नाही, पण लंडनजवळच्या गोदामात नोकरी मिळायची, निदान ब्रेक्झिट होईपर्यंत. तेव्हा कुळाचं वेड आम्हाला नाही असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

पण याच मातीत एक दुसरी रीत आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. आमचा राखणदार. कुणी देवचार म्हणतं, कुणी जागेवाला. तो वडाखाली असतो, बांधावर असतो, खाडीकाठच्या खाजन शेतीत पाणी अडवायच्या मानशीवर असतो. त्याला रोट लागतो, सुरो लागते, विडी लागते. त्याचा बाप कोण, हे मी आजवर एकाही म्हाताऱ्याला विचारताना ऐकलेलं नाही. तो रक्ताचा नसतोच, तो जागेचा असतो. त्या जागेत राहणाऱ्या प्रत्येकाचं राखण त्याच्याकडे, मग तो गांवकर असो की काल भाड्यानं आलेला. शिवोलीत नाताळ सरल्यावर जागर होतो, तेव्हा जागऱ्यापुढं हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही येतात. साडेचारशे वर्षांत देव बदलले, आडनावं बदलली, तो तिथंच आहे. गोव्याची हद्द ओलांडून आरवलीला जा. तिथल्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावातून फिरतो आणि जुन्या झिजतात. ज्याच्या वहाणा झिजतात असा देव! अलौकिक असण्याची याहून प्रामाणिक खूण कोणती असेल? त्याची शक्ती त्याच्या फेऱ्यांत आहे, वंशावळीत नाही.

जगभरच्या काल्पनिक कथांनी अलौकिकाला रक्तात कोंडून ठेवलं आहे. आमच्या बांधावरचा देवचार त्या बाबतीत बराच पुढे आहे, असं माझं मत.

आणि आता मुद्दा कथेबाहेर काढतो, कारण तो बाहेर काढल्याशिवाय मला हा लेख लिहायचाच नव्हता. आपण मराठी माणसं गाणं आवडलं की गायकाला गंधर्व करतो. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, छोटा गंधर्व. स्वर्गातल्या गवयांची एक अख्खी वसाहत आपण खाली आणून ठेवली. प्रेमाची तऱ्हा आहे, मान्य. पण फोंड्याजवळच्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांकडे बघा. देवळांत गाण्यानाचण्याची सेवा करणाऱ्या ज्या कलावंत समाजात त्या जन्मल्या, त्याला पिढ्यानपिढ्या ‘बाप कोण’ या एका प्रश्नानं टोचलं गेलं. त्या समाजातल्या बायकांच्या गळ्याबद्दल दोन स्पष्टीकरणं मी लहानपणापासून ऐकत आलो. एक, सरस्वतीचं देणं. दोन, आवाज खाली करून, ‘अहो, रक्त कुणाचं ते विसरू नका’. म्हणजे देवळाच्या आसपासचा कुणी बडा यजमान. दोन्ही स्पष्टीकरणं फॅन थिअरीच आहेत, आणि दोन्हींत अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासलेला एकेक पलटा गायब आहे. त्या मुलीनं आधी या-त्या गुरूकडे तुटक शिकत काढलेली वर्षं गायब आहेत. तिला सोबत करणारी आई गायब आहे.

१९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, तेव्हा सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर पृथ्वीवरचं जे संगीत धाडलं त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. २०१२ पासून व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. मानवी हातांनी केलेली कुठलीही वस्तू तितक्या दूर गेलेली नाही. भैरवीचे बोल आहेत, ‘जात कहाँ हो’. हिंदीत त्याचा अर्थ ‘जाता कुठं’. मला मात्र दर वेळी त्यातला पहिला शब्द मराठीत ऐकू येतो, आणि मग त्या काळोखात कुणीतरी विचारतंय असं वाटतं: जात? कुठाय?

माझा एक मित्र माझं हे सगळं ऐकून म्हणाला, तू नाण्याची एकच बाजू बघतोस. ज्याला काहीच नाही, त्याला ‘माझे खरे आईबाप कुणी वेगळेच, थोर आहेत’ हे स्वप्न तरी राहू दे. मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९०९ सालीच हे टिपलं होतं, की आईबापांवर रुसलेलं लेकरू मनातल्या मनात स्वतःला दुसऱ्या, वरच्या घरात दत्तक देतं. त्याचा शिष्य ऑटो रांक यानं त्याच वर्षी वीरांच्या जन्मकथांवर पुस्तक काढलं, त्यात आपला कर्णही आहे. मित्राचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. रुसलेल्या लेकराला स्वप्न हवं, खरं आहे. प्रश्न असा, की त्या स्वप्नाचं उत्तर कथेनं काय द्यावं.

महाभारतानं दिलेलं उत्तर उद्योगपर्वात आहे. युद्ध तोंडावर आलेलं, आणि कृष्ण कर्णाला रथात घेऊन सगळं सांगून टाकतो. तू कुंतीचा. पांडवांचा थोरला. चल, राज्य तुझं, पाची भाऊ तुझे पाय धरतील. आपल्याबद्दलची थिअरी खुद्द देवाच्या तोंडून खरी ठरल्याचं भाग्य दुसऱ्या कुठल्या पात्राला मिळालं असेल! कर्ण ती नाकारत नाही. ठाऊक आहे म्हणतो. आणि मग राधेबद्दल बोलतो: मला बघून तिला पान्हा फुटला, तिनं माझं गूमूत काढलं, ती मला मुलगा म्हणते आणि अधिरथ मला मुलगा म्हणतो, माझ्या बायका त्यांच्यातल्या, माझी मुलंबाळं तिथली. सगळी पृथ्वी दिली तरी हे सुटणार नाही. सूर्याचा मुलगा असल्याचं कळल्यावरही तो राधेयच राहतो. दुर्योधनानं ज्या बाईला हरिणी म्हटलं होतं, तिला तिचं स्थान इथं परत मिळतं, आणि तेही मुलाच्या तोंडून.

म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलं, की तुझी थिअरी खरी असेल तर रेला वाळवंटात चढायला, झगडायला, वाट बघायला लावलेल्या त्या सगळ्या वर्षांचं काय करायचं ते मला सांग. ती विचारात पडली. मग म्हणाली, "मामा, तू आजोबांसारखाच वाद घालतोस." यावर काय बोलणार?

तेवढ्यात पखवाजावर थाप पडली. संकासुर यायची वेळ झाली म्हणून आम्ही पुढे सरकलो. आख्यान नेमकं कर्णाचं निघालं. राजपार्टीचा, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाचा, कवच उतरवायचा प्रसंग आला आणि मला माझे काका आठवले.

मी सातवीत असेन. आमच्या जत्रेच्या नाटकात काका कर्ण व्हायचे. दिवसा सुतारकाम आणि संध्याकाळी तालीम. कवच त्यांनी स्वतः केलं होतं, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, वर सोनेरी कागद चिकटवून, कडेला लाल मखमलीची पट्टी. ते पाठीमागून सेफ्टी पिनांनी बनियनला अडकवायचं काम माझं. त्या वर्षी मी एक पिन उलटी लावली. ब्राह्मणाच्या वेषातल्या इंद्रानं हात पसरला, काकांनी ‘घ्या विप्रवर’ म्हणून कवच ओढलं, आणि ते येईना. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्या हिसक्याला पिन तुटली आणि पत्र्याची कड छातीवरून सरकत गेली. पांढऱ्या बनियनवर एक लाल रेघ उमटली आणि हळूहळू रुंद झाली. मांडावर कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "आवय गे!" इंद्राचं काम करणारे पोस्टमन आपलं वाक्य विसरले.

रंगपटात काकीनं हळद दाबली. काकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ते पडवीत बसून कवचाची धार कानशीनं घासत होते. शेजारच्या गावातला प्रयोग चार दिवसांवर आला होता.